पेवातला उजेड

आषाढातल्या एका वादळी रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला जुना गुलमोहर आडवा झाला. सकाळी पालिकेची माणसं करवती घेऊन आली आणि दुपारपर्यंत त्या सावलीचे, त्या लालभडक वैशाखांचे, साळुंक्यांच्या सगळ्या गलबल्याचे हात-दीड हात लांबीचे ओंडके होऊन रस्त्याच्या कडेला रचले गेले. ओल्या भुशाचा किंचित आंबूस, किंचित गोड वास हवेत भरून राहिला होता. एकेक ओंडका टेम्पोत चढवायला दोघं लागत होती, आणि तरी त्यांचे गुडघे वाकत होते. ते वजन पाहताना मनात आलं, हे एवढं सारं इथे आलं कुठून? झाड उभं होतं तिथे उचकटलेली माती होती, उखडलेल्या फरशा होत्या. पण इतकी वर्षं जमीन खाऊन ते वाढलं असतं, तर बुंध्याभोवती केव्हाच एक खोल खळगा पडायला हवा होता. तसा तो नव्हता. बुंध्यापाशी जमीन उलट थोडी वरच आलेली होती.

हाच प्रश्न सतराव्या शतकात ब्रसेल्सकडच्या यान बाप्टिस्ट फान हेल्माँट नावाच्या वैद्याला पडला होता. त्याने एका कुंडीत २०० पौंड कोरडी माती तोलून भरली, तीत ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं, वरून धूळ पडू नये म्हणून छिद्रांचं झाकण घातलं आणि ५ वर्षं पाण्याखेरीज त्याला काही दिलं नाही. ५ वर्षांनी झाड १६९ पौंडांचं भरलं, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर ती जेमतेम २ औंसांनी घटली होती. झाड मातीतून घडत नाही हे त्याला दिसलं, म्हणून ते पाण्यातून घडत असणार असं त्याने मानलं. या माणसाविषयी मला फार जवळीक वाटते, कारण उरलेलं उत्तर त्याच्या दुसऱ्या हातात होतं. ६२ पौंड कोळसा जाळला की एकच पौंड राख उरते आणि बाकीचं सारं एका अदृश्य, रानटी वाऱ्याच्या रूपाने निघून जातं, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. ‘गॅस’ हा शब्दही जगाला त्याचीच देणगी. लाकूड जळून वायू होतो हे ठाऊक असलेल्या त्या माणसाला, वायूचंच लाकूड झालं असेल ही शंका मात्र शिवली नाही. १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, हे लेखन छापलं गेलं. मग मेणबत्तीने बिघडलेली हवा पुदिन्याच्या डहाळीने पुन्हा शुद्ध होते हे दाखवणारा प्रीस्टली आला, हिरव्या भागांवर ऊन पडल्यावाचून हे काही घडत नाही हे १७७९ मध्ये दाखवणारा इंगेनहाउझ आला, जिनीव्हाचे सेनेबिये आणि द सोस्यूर आले, आणि एकोणिसावं शतक उजाडता उजाडता कोडं सुटलं. झाड हवेचं बनलेलं असतं. हवा आणि पाणी, आणि त्यांना एकत्र गुंफणारा सूर्याचा उजेड. माती देते ती चिमूटभर क्षारांची साथ.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास नुसता कार्बन असतो, आणि तो सगळाच्या सगळा हवेतून उचललेला असतो. हवेत तरी तो कितीसा? दहा हजार रेणूंमध्ये कर्बवायूचे चार, म्हणजे आज चार. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तीनही नव्हते. इतक्या विरळ पुंजीतून पान आपला वाटा शोधतं. पानाच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारी हजारो रंध्रं असतात, ती उघडावीत तेव्हा हवा आत येते आणि त्याच दारातून पाणी बाहेर निसटतं, त्यामुळे दर दुपारी झाडाला तहान आणि भूक यांच्यात निवड करावी लागते. आत रुबिस्को नावाचं एक विकर असतं. पृथ्वीवरच्या सर्वांत विपुल प्रथिनांपैकी ते एक, आणि तरी कामाला विलक्षण संथ. इतर विकरं सेकंदाला हजारो रेणू हातावेगळे करत असताना याच्या हातून जेमतेम काही मोजके सुटतात, आणि त्यातही अधूनमधून कर्बवायूऐवजी प्राणवायूच उचलला जातो. ते घडलं त्या आदिम काळात हवेत प्राणवायू जवळपास नव्हताच, त्यामुळे या दोघांत भेद करण्याची गरज त्याला पडली नव्हती. आपण जे काही खातो, ज्या कशाला टेकून बसतो, ज्या सुताने अंग झाकतो, ते सारं या मंद, जुन्या, धांदरट विकराच्या हाताखालून गेलेलं आहे, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

उन्हाच्या प्रदेशातल्या काही गवतांनी यावर एक वेगळी वाट काढली. कर्बवायू आधी एका कप्प्यात पकडायचा, तिथून तो आतल्या कप्प्यात कोंबायचा, म्हणजे रुबिस्कोभोवती त्याची एवढी दाटी होते की चूक व्हायला जागाच उरत नाही. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही सगळी या वाटेची. हवाईच्या उसाच्या अभ्यासातून तिचा पहिला सुगावा लागला आणि १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी ती नीट उलगडली. ती मात्र त्याआधी कोट्यवधी वर्षं चालू होती, हवेतला कर्बवायू घटत गेला त्या युगांमध्ये घडत आलेली. भात आणि गहू जुन्याच वाटेने चालतात. सोलापूरच्या काळ्या रानात, पावसाने कधीच पाठ फिरवल्यानंतर, मार्गशीर्षातल्या कोरड्या वाऱ्यात नुसत्या जमिनीतल्या ओलीवर शाळू कसा डोलत राहतो याचं लहानपणी मला फार नवल वाटे. रंध्रं कमी उघडून जास्त कमावण्याची विद्या त्याच्यापाशी आहे, हे पुढे वाचलं. नवल त्याने कमी झालं नाही.

हवेतली ही देवघेव एका पानापुरती राहत नाही, ती ऋतूंच्या हिशोबात उतरते. १९५८ च्या मार्चमध्ये चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, वस्तीपासून आणि रानापासून दूर, हवेतला कर्बवायू सलग मोजायला सुरुवात केली. पहिल्या नोंदी दहा लाखांत ३१३ भागांच्या आसपासच्या होत्या. मे महिन्यापर्यंत आकडा चढला, मग उतरू लागला, ऑक्टोबरच्या सुमारास तळाला गेला आणि पुन्हा चढणीला लागला. दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, म्हणून रानं जास्त. तिकडे पालवी फुटते तेव्हा साऱ्या जगाच्या हवेतून कर्बवायू खेचला जातो, आणि पानगळ कुजू लागली की तो परत येतो. एका माणसाने एका डोंगरावर उभं राहून अख्ख्या ग्रहाचा वर्षाचा श्वास मोजला, याहून काव्यमय घटना विज्ञानाच्या इतिहासात मला तरी फारशा ठाऊक नाहीत.

आपल्याकडेही असं मोजमाप चालत आलं आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. गोव्यात काबो द रामच्या कड्यावर, जिथे पर्यटक जुना किल्ला आणि खालचा समुद्र पाहायला जातात, तिथे १९९३ पासून काही वर्षं हवेचे नमुने कुप्यांमध्ये भरून घेतले जात. सिंहगडावर पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ मध्ये असेच नमुने घ्यायला आरंभ केला. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन गड उतरणाऱ्या गर्दीला त्याचा पत्ताही नसतो. या दोन्ही ठिकाणी वर्षाचा चढउतार मौना लोआपेक्षा मोठा दिसतो, कारण आपला श्वास वाऱ्याबरोबर दिशा बदलतो. पावसाळ्यात वारा दक्षिणेच्या मोकळ्या सागरावरून येतो, स्वच्छ आणि कर्बवायूने हलका. हिवाळ्यात तो जमिनीवरून, शहरांवरून, चुलींवरून आणि धुराड्यांवरून वाहत येतो. आणि पावसाळा सरता सरता, भाद्रपद-आश्विनात, ढग विरळ होऊन ऊन मोकळं पडतं तेव्हा शेतं आणि रानं भरभरून घेऊ लागतात. घटस्थापनेला परडीत पेरलेल्या धान्याची ती फिकट पिवळसर पाती पाहताना मला हल्ली ही मोठी हिरवी ओढ आठवते. त्या पात्यांना देवघराच्या अंधारात पुरेसा उजेड नसतो, बियाणातल्या शिदोरीवरच ती उंच होतात. बाहेर शिवारात मात्र त्याच दिवसांत सगळीकडे हवेचं धान्य होत असतं.

घेणं इतकं, तर देणंही तितकंच. झाड दिवसा जे कमावतं त्यातलं जवळजवळ निम्मं ते स्वतःच्या जगण्यासाठी जाळतं. उरलेल्याचं पान होतं, पान गळतं, वाळवी आणि बुरशी आणि गांडुळं त्याला कवेत घेतात आणि तो कार्बन हळूहळू पुन्हा हवेत जातो. जमिनीवरच्या वनस्पती वर्षाकाठी १२० अब्ज टनांहून अधिक कार्बन हवेतून घेतात आणि जवळपास तेवढाच परत करतात. म्हणून वाढून थांबलेलं जंगल आपल्याला प्राणवायू पुरवतं ही समजूत फारशी खरी नाही. ते आपला प्राणवायू आपणच वापरतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा थोडं उदास वाटलं होतं. मग हवेतला हा २१ टक्के प्राणवायू आला कुठला?

उत्तर शोधताना मला लहानपणी पाहिलेलं एक पेव आठवतं. माझं आजोळ सांगलीचं. तिथून हरिपूर जवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, आणि तिथली हळदीची पेवं एके काळी दूरवर नावाजलेली. जमिनीच्या पोटात खोल खणलेली, अरुंद तोंडाची आणि रुंद पोटाची ती कोठारं; कडेला पाल्याचं अस्तर लावून त्यात माल भरायचा, वर दगड ठेवायचा आणि माती लिंपून टाकायची. वर्षानुवर्षं आतल्या हळकुंडाला कीड लागत नसे. एकदा मामांबरोबर पेव उघडताना पाहायला गेले होते. दगड सरकवला तरी कुणी आत उतरेना. माणसं कडेला बसून राहिली, कुणी पान लावलं, कुणी बाजारभावाचं बोलू लागलं. मी पुढे वाकून पाहायला लागले तशी मामांनी दंड धरून मागे ओढलं. “लांब थांब, पोरी. आतली हवा माणूस खाते.” बऱ्याच वेळाने दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडला. तो खाली जाताना ज्योत बारीक होत गेली, निळसर झाली, आणि मिटली. कंदील वर ओढला गेला आणि सगळे पुन्हा पानतंबाखूकडे वळले. तो विझलेला कंदील मला अनेक वर्षं स्वप्नात दिसे.

बंद पेवात जे काही जिवंत असतं, किडे, बुरशी, ओलसर मातीतले सूक्ष्म जीव, ते कोंडलेला प्राणवायू संपवतात आणि कर्बवायू सोडतात. तो हवेहून जड, म्हणून तळाशी साचून राहतो. मग कीडही जगत नाही आणि माल टिकतो. माणसांनी अनुभवाने शोधलेली ही युक्ती पृथ्वीने फार पूर्वी अवलंबलेली आहे. झाडापानांतला, शेवाळातला थोडासा कार्बन, अगदी हजारात एखादा अंश, कुजण्याआधीच चिखलाखाली, दलदलीत, समुद्रतळाच्या गाळात बंद होतो. तो परत जळत नाही, आणि म्हणून त्याने ज्या प्राणवायूला जन्म दिला तोही खर्च होत नाही. आपल्या प्रत्येक श्वासातला प्राणवायू म्हणजे कुठेतरी जमिनीखाली न कुजता राहून गेलेल्या कार्बनची वर उरलेली जोडी आहे. सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी नीलहरित जीवाणूंनी हा खेळ सुरू केला. आपला प्राणवायू असा पुरलेल्या पेवांच्या भरवशावर उभा आहे.

आणि आपली ऊबही. हवेत उष्णता धरून ठेवणारे वायू मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. प्रत्यक्षात ते १५ च्या जवळपास आहे. १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कर्बवायूचं नळकांडं सर्वांत जास्त तापलं, आणि सावलीत आणल्यावर निवायला त्याला सर्वांत जास्त वेळ लागला. कधीकाळी हवेत हा वायू जास्त असेल तर पृथ्वीही जास्त उष्ण असली पाहिजे, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. त्यांचा निबंध त्या वर्षीच्या विद्वत्सभेत एका पुरुषाने वाचला आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ त्यांचं नाव कुणाला आठवलं नाही. पुढे टिंडल आले, अऱ्हेनियस आले, आणि पान जे उचलतं आणि जे परत देतं त्यावर साऱ्या जगाचं ऊनपाणी ठरतं हे हळूहळू उमगत गेलं. कार्बन पुरला गेला तेव्हा पृथ्वी थंडावली. ज्वालामुखींनी तो उकरून काढला तेव्हा ती तापली. हे सगळं इतक्या संथपणे घडे की जंगलांना डोंगर चढून वर जायला आणि पुन्हा उतरून यायला सवड मिळे.

चंद्रपूरच्या एका परिचितांच्या घरी कोळशाच्या खाणीतून आलेला एक चपटा दगड आहे. राखाडी, हाताच्या पंजाएवढा, आणि त्यावर एक पान. जिभेच्या आकाराचं, मधोमध स्पष्ट शीर, दोन्ही बाजूंनी जाळीदार रेषा. ग्लॉसोप्टेरिस. हे झाड साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचं, आज कुठेच नसलेलं. बल्लारपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यातला कोळसा त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या रानांचा. तेव्हा ही भूमी दक्षिण गोलार्धात खूप खाली, अंटार्क्टिकाला जोडलेली होती. दीर्घ थंडीच्या आधी ती झाडं आपली पानं एकदमच गाळत आणि दलदलीत पानांचे थरांवर थर बसत. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना स्कॉट आणि त्यांचे सोबती गोठून गेले, तेव्हा त्यांच्यापाशी १६ किलो दगड सापडले. अन्न संपत आलं तरी त्यांनी ते ओढत आणले होते. त्यांत हेच पान होतं. जीव टेकीला आलेल्या त्या माणसांनी ते का टाकून दिलं नसेल याचा विचार करताना, दिवाणखान्यातला तो राखाडी दगड मी पुन्हा पुन्हा हातात घेतला. बाहेर मे महिन्याची दुपार होती, पारा ४५ च्या पुढे. कूलरचा पंखा घरघरत होता आणि त्याला मिळणारी वीज त्याच पानांच्या आगीतून येत होती. २५ कोटी वर्षांपूर्वी एका थंड, अंधुक प्रदेशात पडलेलं ऊन आम्ही त्या दुपारी ऊन सोसण्यासाठी खर्च करत होतो.

हे पेव उघडून जेमतेम दोन-अडीचशे वर्षं झाली. कोळसा, तेल आणि वायू मिळून वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन आपण हवेत सोडतो. १२० अब्जांच्या शेजारी हा आकडा लहान दिसतो, आणि तसा तो पुष्कळांना दाखवलाही जातो. पण वनस्पतींचं घेणं आणि देणं आपापसांत फिटतं. हे १० अब्ज एकाच बाजूला पडतात, दर वर्षी, आधीच्या वर्षावर. त्यांतलं निम्मं समुद्र आणि जंगलं मिळून मुकाट पोटात घेतात, आणि उरलेलं निम्मं हवेत राहतं. कीलिंगच्या ३१३ चे २०१३ च्या मे महिन्यात प्रथमच ४०० झाले. २०२५ च्या मे महिन्याची सरासरी ४३० च्या पुढे गेली. त्याच शास्त्रज्ञाचा मुलगा राल्फ कीलिंग हवेतला प्राणवायू मोजत आला आहे, आणि तो अगदी किंचित, पण न चुकता घटतो आहे. पुरलेला कार्बन परत आपल्या जोडीदाराला भेटतो आहे. गुदमरण्याचं भय त्यात नाही, प्राणवायू अमाप आहे. कंदील विझणार नाही. भय उष्णतेचं आहे, कारण ती ज्योत वाढवते. रात्र उबदार झाली की भाताचं रोप दिवसाची कमाई रात्रीत जास्त जाळतं. जमीन तापली की तिच्यातलं कुजणंही वेगाने होतं, आणि जमिनीतल्या कार्बनचा साठा हवा आणि झाडंझुडपं या दोहोंच्या बेरजेहून मोठा आहे. आज जी जंगलं आणि जी माती आपल्या ओझ्याचा मोठा वाटा न बोलता उचलतात, ती उद्याही उचलतीलच असं कुणी सांगू शकत नाही.

कधी कधी मला सह्याद्रीचा आधार वाटतो. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा काळा पाषाण लाव्हा होऊन आला तेव्हा त्याने हवेत अपार कर्बवायू ओतला. आणि तेव्हापासून तोच पाषाण तो परत घेतो आहे. पावसाच्या थेंबात कर्बवायू विरघळतो, सौम्य आम्ल होतं, ते दगडाला कुरतडतं, झाडांची मुळं त्या कामाला हातभार लावतात आणि दगडातलं कॅल्शियम कार्बनसह नद्यांमधून समुद्रात जातं. तिथे त्याचे शिंपले होतात, चुनखडी होते. बेसाल्ट हे काम ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी वेगाने करतो. कोकणातल्या जांभ्याच्या भिंती म्हणजे पावसाने असं सगळं धुऊन नेल्यावर मागे राहिलेला पाषाणच आहे, तांबडा आणि सच्छिद्र. श्रावणात वरंध घाटात थांबावं, कड्यांवरून कोसळणाऱ्या पाण्याचे तुषार तोंडावर घ्यावेत. त्या पाण्यातही हे काम चालू असतं. डोंगर हवा निवळून देईल, यात शंका नाही. त्याला फक्त काही लाख वर्षं लागतील, आणि तेवढा वेळ आपल्या नातवंडांपाशी नाही.

वेळ हीच या साऱ्यातली खरी गोष्ट आहे असं मला अलीकडे वाटू लागलंय. पानाचा कार्बन एका ऋतूचा, खोडाचा शंभर-दोनशे वर्षांचा, मातीचा हजारो वर्षांचा, कोळशाचा कोटींचा. आपण कोटींचा साठा उपसतो आणि ऋतूंच्या हवाली करतो. २०१९ मध्ये महाराष्ट्राने ३३ कोटी रोपं लावण्याचा संकल्प केला होता. शाळेतली मुलं चिखलाने माखलेल्या हातांनी रोपं उभी करत होती, ते दृश्य आजही आठवलं की मन भरून येतं. झाडं लावावीतच, सावलीसाठी, पाण्यासाठी, पाखरांसाठी, माती धरून ठेवण्यासाठी. पण चंद्रपूरचं ग्लॉसोप्टेरिस जाळून त्याची भरपाई रस्त्याकडेच्या रोपाने होईल, हा हिशोब जुळत नाही. ते रोप जगलं तरी एखाद्या वणव्यात, एखाद्या रस्तारुंदीत, किंवा आमच्या गुलमोहरासारखं एखाद्या आषाढी रात्री आपला कार्बन परत देऊन टाकणार. कोळसा जमिनीखालीच ठेवणं आणि जे मुरलेलं आहे त्याला हात न लावणं, याला दुसरा पर्याय मला तरी दिसत नाही. कठीण आहे हे. चंद्रपूरच्या हजारो घरांची चूल त्या खाणींवर पेटते, आणि त्यांच्यासाठी दुसरी वाट काढल्याशिवाय हे बोलण्याचा कुणाला अधिकार नाही.

मुरलेलं मात्र आपल्याकडे अजून शिल्लक आहे. सह्याद्रीच्या कुशीत, गावागावांच्या शिवेवर देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पायी हिंडून त्यांची पाहणी केली तेव्हा शहरांना त्यांची ओळख झाली. वाघजाईच्या, काळकाईच्या, भैरोबाच्या नावाने राखलेल्या त्या रानांतून वाळकी काटकीही घरी न्यायची नाही असा कित्येक ठिकाणी दंडक असतो. हिरडा, बेहडा, जांभूळ, बकुळ, त्यांना वेटाळून गेलेली गारंबीची जाडजूड वेल, आणि खाली कधीच नांगर न लागलेली माती, पाऊल पडलं की रुतणारी. तिथल्या पानगळीचे थर किती पिढ्यांचे आहेत कुणास ठाऊक. ती माती घडवायला कुठलीही योजना पुरणार नाही. आणि आता तिथे रस्ते येऊ लागले आहेत, जुनी दगडी देवळं पाडून सिमेंटचे सभामंडप उभे राहत आहेत, गाड्या लावायला जागा हवी म्हणून कडेची झाडं जात आहेत. तुमच्या गावाला अशी देवराई उरली असेल, तर तिच्याविषयीचा ठराव ग्रामसभेपुढे येईल त्या दिवशी घरी राहू नका. कामं बाजूला ठेवा, सभेला जा, आणि झाडं तोडण्याच्या विरोधात हात वर करा.